वस्तरा, रेणू आणि वैद्य : पेटंटविषयी काही विचार

आयुर्वेदीय चिकित्सालयात 'पेटंट' हा शब्द दिवसातून अनेकदा उच्चारला जातो. काढा करण्यास वेळ नाही, चूर्णाची चव सहन होत नाही, म्हणून रुग्ण "एखादे पेटंट औषध द्या" अशी मागणी करतो. औषध कंपनीचा प्रतिनिधीही 'शास्त्रोक्त' आणि 'पेटंट' अशा दोन याद्या वैद्यांपुढे ठेवतो. वस्तुतः या दुसऱ्या यादीतील बहुसंख्य औषधांवर कोणतेही पेटंट नसते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० मध्ये कलम ३ च्या 'एच' उपकलमात 'पेटंट ऑर प्रोप्रायटरी मेडिसिन' अशी संज्ञा आहे. अनुसूचीतील प्रमाणग्रंथांत उल्लेखिलेल्या योगांतील द्रव्येच वापरून, परंतु त्या ग्रंथांत नसलेल्या पाठाने तयार केलेले कल्प, एवढाच तिचा आयुर्वेदापुरता अर्थ आहे. हा परवाना देताना अन्न व औषध प्रशासन कल्पाची नवीनता तपासत नाही. पेटंट ही त्याहून सर्वस्वी भिन्न गोष्ट असून ती पेटंट कायदा १९७० अन्वये मिळते.

शब्दाच्या या घोटाळ्यामुळे दोन अनिष्ट परिणाम संभवतात. आपल्या मलमाला परवाना मिळाला म्हणजे ते सुरक्षित झाले, अशी काही वैद्यांची समजूत होते. याउलट काहींना पेटंट म्हणजे परदेशी कंपन्यांनी आपले ज्ञान लुटण्याचे साधन, एवढेच वाटते. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात वैद्यकाच्या परिघावरची दोन उदाहरणे प्रथम पाहू. त्यांतील एक दाढीच्या पात्याचे आहे आणि दुसरे रेणूच्या शोधाचे. ही दोन्ही उदाहरणे समजली की हळद, कडुनिंब आणि आपले स्वतःचे अनुभूत योग यांविषयीचा विचार अधिक स्वच्छपणे करता येतो.

सुश्रुताचार्यांची कसोटी

पेटंट मिळण्यासाठी तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. वस्तू किंवा कृती नवीन असावी. ती त्या विषयातील जाणकाराला सहज सुचणारी नसावी. आणि ती प्रत्यक्ष उपयोगात आणण्याजोगी असावी. त्या बदल्यात संशोधकाने आपली कृती संपूर्णपणे उघड लिहून द्यावयाची असते. भारतात अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षे त्याला इतरांना मज्जाव करण्याचा अधिकार राहतो. त्यानंतर ते ज्ञान सर्वांचे होते. थोडक्यात, पेटंट हा समाजाशी केलेला मुदतीचा करार आहे.

ही कल्पना आपल्याला सर्वथा परकी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील यंत्रविधी अध्यायात एकशे एक यंत्रांचे वर्णन करताना आचार्यांनी यंत्रे कशाच्या आधारे करवून घ्यावीत हेही सांगितले आहे. पशुपक्ष्यांच्या मुखांशी सादृश्य, आगम, उपदेश, अन्य यंत्रांचे दर्शन आणि युक्ती अशी ही साधने होत. यांतील पहिली चार पूर्वज्ञात आहेत. ती कोणालाही उपलब्ध आहेत. नवीन यंत्राला नवेपण येते ते पाचव्या साधनामुळे, म्हणजे युक्तीमुळे. आजचा पेटंट परीक्षक हेच दोन भाग वेगळे करीत असतो. पूर्वज्ञात काय होते आणि त्यावर युक्ती कोणती घडली, हा त्याचा प्रश्न असतो.

धारेचा प्रश्न

क्षुरकर्म आपल्या शास्त्राने कधीच क्षुल्लक मानलेले नाही. चरकाचार्यांनी सद्वृत्तात पंधरवड्यातून तीन वेळा केश, श्मश्रू, लोम व नखे काढण्यास सांगितले आहे. व्रणाच्या षष्टी उपक्रमांत लोमापहरण आहे. केसांनी व्यापलेला व्रण नीट भरत नसेल तर क्षुर, कर्तरी किंवा संदंश यांनी ते केस काढावेत, असा निर्देश आहे. शस्त्रांच्या धारेविषयी तर सुश्रुताचार्य विलक्षण काटेकोर आहेत. भेदनाच्या शस्त्राची धार मसुराएवढी, लेखनाची अर्धमसुराएवढी, व्यधन व विस्रावणाची केसाएवढी आणि छेदनाची अर्ध्या केसाएवढी असावी. पाजविण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिला आणि धार टिकविण्यासाठी सावरीचा फलक सांगितला आहे. शस्त्र लोम छेदू लागले म्हणजे ते वापरास योग्य झाले, ही धारेची परीक्षाही तेथेच येते.

म्हणजे धार उत्तम असावी एवढेच पुरेसे नव्हते. ती राखावी लागे. वस्तऱ्याची ही अडचण पुढील अनेक शतके कायम राहिली. दगडावर पाजवणे आणि चामड्याच्या पट्ट्यावर घासणे हे कौशल्याचे काम असल्याने दाढी करणे हा नाभिक व्यावसायिकाचा हातखंडा राहिला. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ज्याँ-जाक पेरे याने वस्तऱ्याला लाकडी संरक्षक पट्टी जोडली. १८४७ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हेन्सन याने मूठ पात्याला काटकोनात बसविली. १८८० मध्ये अमेरिकेत काम्फे बंधूंनी 'सेफ्टी रेझर' आणला. या सर्वांनी त्वचा कापली जाण्याचा धोका कमी केला. परंतु पाते मात्र पूर्वीसारखेच जाड व वारंवार पाजवावे लागणारे राहिले.

किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्याची युक्ती नेमकी येथे आहे. पाते पाजवायचेच कशाला, असा प्रश्न त्याने १८९५ मध्ये स्वतःला विचारला. पोलादाची इतकी पातळ व स्वस्त पट्टी करावी की बोथट झाल्यावर ती टाकून देता येईल. विचार सोपा, कृती अवघड! एवढी पातळ पट्टी कडक करताना वाकडी होत असे. विल्यम निकरसन या अभियंत्याने पोलादाला पाणी देण्याची व धार लावण्याची यंत्रे सिद्ध केली, तेव्हा कल्पना साकार झाली. (पायनाचे महत्त्व आपल्याला नव्याने सांगावयास नको, क्षार, उदक व तैल असे त्याचे तीन प्रकार संहितेत आहेतच.) डिसेंबर १९०१ मध्ये केलेल्या अर्जावर १५ नोव्हेंबर १९०४ रोजी अमेरिकी पेटंट क्रमांक ७७५१३४ मिळाले. १९०३ या पहिल्या वर्षी ५१ रेझर व १६८ पाती विकली गेली. पुढच्याच वर्षी रेझरची विक्री ९० हजारांवर पोहोचली.

या इतिहासातील एक बाब सहसा सांगितली जात नाही. जिलेटने मूठ स्वस्त विकून पात्यांवर नफा मिळविला, अशी आख्यायिका आहे. प्रत्यक्षात पेटंट जिवंत असेपर्यंत रेझरची किंमत पाच डॉलर, म्हणजे त्या काळी चांगलीच भारी होती. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली. त्या वर्षी कंपनीने सुधारित रेझर जुन्या चढ्या किमतीला आणला आणि जुन्या नमुन्याची किंमत एक डॉलरवर उतरविली. मुदत संपली की सामान्य ग्राहकाला लाभ होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

तीन पाती आणि चार पाती

१९७१ मध्ये जिलेटने दोन पात्यांचा रेझर आणला. १९९८ मध्ये 'मॅक थ्री' हा तीन पात्यांचा. त्यावर अनेक पेटंटे घेण्यात आली होती. २००३ मध्ये एनर्जायझर कंपनीच्या 'शिक' विभागाने चार पात्यांचा रेझर बाजारात आणला आणि वाद न्यायालयात गेला. प्रतिवादीचे म्हणणे असे की, पेटंट तीन पात्यांचे आहे, आमची चार आहेत, सबब भंग होत नाही. कनिष्ठ न्यायालयाला हे पटले व त्याने तात्पुरती मनाई नाकारली. एप्रिल २००५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पेटंटच्या दाव्यात पात्यांचा गट 'समाविष्ट असलेला' अशा अर्थाची मोकळी शब्दयोजना होती. तिचा अर्थ 'इतकेच व अधिक नाही' असा होत नाही. चार पात्यांत तीन पाती असतातच, असा त्या निर्णयाचा आशय होता.

वैद्यांनी हा निकाल ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कोणाच्या वैध पेटंटमध्ये तीन द्रव्ये 'समाविष्ट असलेला' योग सांगितला असेल, तर त्यात चौथे द्रव्य घालून सुटका होईलच असे नाही. आपण स्वतः अर्ज करीत असू, तर दाव्यातील एकेक शब्द हा संहितेतील पदासारखा असतो. 'च' आणि 'वा' यांच्या भेदावर जेथे टीकाकार पाने खर्च करतात, तेथे वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे समजणे अवघड जाऊ नये.

आणखी एक गंमत अशी की, पात्यांची संख्या पाचवर गेल्यानंतर, २०१० मध्ये भारतासाठी खास तयार केलेला रेझर एकाच पात्याचा निघाला. बारीकसा आरसा आणि वाटीभर पाणी घेऊन दाढी करणाऱ्या, घरी वाहते पाणी नसलेल्या ग्राहकाला अनेक पात्यांत अडकणारे केस धुता येत नव्हते. प्रत्यक्ष घरोघरी पाहणी केल्यावर हे उमगले. 'जिलेट गार्ड' १५ रुपयांना आणि त्याचे पाते ५ रुपयांना आले. देश व सात्म्य यांचा विचार केल्याशिवाय योजना सफल होत नाही, हे तत्त्व कारखान्यालाही लागू पडते.

अदृश्याचे दर्शन

प्रत्यक्ष अल्प आहे, अप्रत्यक्ष मात्र विपुल आहे, असे चरकाचार्यांनी तिस्रैषणीय अध्यायात म्हटले आहे. अतिसूक्ष्मता हे प्रत्यक्षाच्या अभावाचे एक कारणही तेथे सांगितले आहे. रेणूच्या शोधाची सारी विद्या याच अडचणीवर उभी आहे. रुग्णाच्या थुंकीतील क्षयाच्या जंतूंची संख्या फारच कमी असेल, तर सूक्ष्मदर्शकातूनही ते दिसत नाहीत. मग काय करावे?

कॅलिफोर्नियातील सीटस कंपनीत काम करणारे कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये याचे उत्तर सुचले. दिसत नसेल तर त्याची संख्या वाढवावी! डीएनएचा दुहेरी धागा सुमारे ९५ अंश सेल्सिअसला तापविला की विलग होतो. तापमान उतरविले की प्रायमर नावाचे दोन लहान तुकडे इष्ट भागाच्या दोन टोकांना जाऊन चिकटतात. पॉलिमरेज हे विकर तेथून नवा धागा विणते. एका फेरीत एकाचे दोन, दुसरीत चार, तिसरीत आठ. ३० फेऱ्यांनंतर तत्त्वतः एका रेणूच्या १०७ कोटींहून अधिक प्रती होतात. हीच 'पॉलिमरेज चेन रिॲक्शन' अर्थात पीसीआर. तिची मूलभूत पेटंटे २८ जुलै १९८७ रोजी सीटसला मिळाली. मुलिस यांना कंपनीकडून १० हजार डॉलरची बक्षिसी मिळाली आणि १९९३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिकही. १९९१ मध्ये रोश कंपनीने पीसीआरचे हक्क ३० कोटी डॉलरना विकत घेतले.

या कथेत दोन उपकथा आहेत आणि त्या दोन्ही आपल्यासाठी बोधप्रद आहेत.

पहिली हरगोविंद खुराना यांच्या प्रयोगशाळेची. दोन प्रायमर वापरून डीएनएची प्रत करण्याची कल्पना त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९७१ मधील शोधनिबंधात मांडलेली होती. त्याच्या आधारे डु पाँट कंपनीने सीटसच्या पेटंटांना आव्हान दिले. १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील ज्यूरीने पेटंटे वैध ठरविली. निबंधातील मांडणी आणि सिद्ध केलेली कृती यांत अंतर असते व ते अंतर कायद्याच्या दृष्टीने निर्णायक ठरू शकते, हे येथे दिसते. आपल्याकडे "हे सर्व ग्रंथांत आहेच" असे म्हणण्याची जी सवय आहे, तिने या निकालाकडे लक्ष द्यावे. काय, कोठे, किती स्पष्टपणे लिहिले आहे, हे दाखवावे लागते.

दुसरी उपकथा उष्ण झऱ्यांची. आरंभी प्रत्येक फेरीत तापविल्यावर विकर नष्ट होई व नव्याने घालावे लागे. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उष्ण झऱ्यांत थॉमस ब्रॉक व त्यांचे विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना १९६० च्या दशकात 'थर्मस ॲक्वाटिकस' हा जीवाणू सापडला होता. त्यांनी तो सार्वजनिक जीवाणुसंग्रहात ठेवला. त्याचे विकर उकळत्या पाण्याजवळच्या तापमानातही टिकते. पीसीआर व्यवहार्य झाली ती त्यामुळे. त्यातून जे विपुल उत्पन्न झाले, त्यातील वाटा उद्यानाला मिळाला नाही.

याच्या शेजारी आपल्या देशातील एक उदाहरण ठेवून पाहावे. केरळातील अगस्त्य पर्वतातील काणी आदिवासींनी १९८७ मध्ये शास्त्रज्ञांना 'आरोग्यपच्चा' या वनस्पतीची ओळख करून दिली. तिरुवनंतपुरम येथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानाने त्यापासून 'जीवनी' हा कल्प विकसित केला आणि १९९५ मध्ये कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला उत्पादनाचा परवाना दिला. परवाना शुल्क व स्वामित्वशुल्क यांचा अर्धा वाटा काणी समाजाच्या न्यासाला देण्याचे ठरले. पुढे अंमलबजावणीत अडचणी आल्या, हे खरे. परंतु ज्याने वनस्पती दाखविली त्याचे ऋण मानावे हे तत्त्व तेथे कृतीत उतरले.

यंत्र एकदा, पाते रोज

वस्तरा आणि रेणू हे दोन विषय एकत्र का घेतले, असा प्रश्न वाचकांना पडला असेल. उत्तर रुग्णालयात सापडते. क्षयनिदानासाठी 'जीनएक्सपर्ट' हे यंत्र डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारसपात्र ठरविले. पूर्वी आठवडे लागणारे निदान व रिफाम्पिसिनच्या प्रतिरोधाची माहिती सुमारे दोन तासांत मिळू लागली. परंतु प्रत्येक तपासणीस एक नवी कार्ट्रिज लागते, ती त्याच कंपनीची असते आणि वापरल्यावर टाकून द्यावी लागते. मूठ एकदा घ्यावयाची, पाती नेहमी! गरीब देशांसाठी या कार्ट्रिजची किंमत २०१२ पासून सुमारे १० डॉलर होती; रुग्णसंघटनांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०२३ मध्ये ती ८ डॉलरच्या किंचित खाली आली. दाढीचे पाते महाग झाले तर माणूस दाढी राखतो. क्षयाची तपासणी महाग झाली तर रोग पसरतो. पेटंट आणि किंमत यांचा विचार वैद्यकात निराळ्या गांभीर्याने करावा लागतो तो यासाठी.

या परिस्थितीवर एक उत्तर आपल्याच भूमीतून आले. बंगळुरूच्या बिगटेक प्रयोगशाळेत विकसित झालेले आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीने उत्पादित केलेले 'ट्रूनॅट' हे विजेरीवर चालणारे लहान पीसीआर यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रातही वापरता येते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयनिदानासाठी त्याची शिफारस केली. पीसीआरची मूलभूत अमेरिकी पेटंटे मार्च २००५ मध्ये संपली होती. त्यामुळेच २०२० च्या कोविड महामारीत जगभरातील असंख्य उत्पादकांना तपासणीसंच बनविता आले. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या संचाला त्या वर्षीच्या मार्च महिन्यात मान्यता मिळाली. मुदत संपलेले पेटंट म्हणजे सर्वांसाठी उघडलेले भांडार होय.

निसर्गातील वस्तूवर कोणाचा हक्क असावा, या प्रश्नाचा एक टप्पाही नोंदविणे आवश्यक आहे. स्तनकर्करोगाशी संबंधित दोन जनुकांवर मिरिअड कंपनीने पेटंटे घेतली होती. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, शरीरातून केवळ वेगळा केलेला नैसर्गिक डीएनए पेटंटयोग्य नाही. प्रयोगशाळेत घडविलेला पूरक डीएनए मात्र पेटंटयोग्य ठरू शकतो. म्हणजे शोध आणि निर्मिती यांतील भेद तेथेही मान्य झाला.

हळद आणि कडुनिंब

आता आपल्या अंगणाकडे येऊ. व्रणरोपणासाठी हळदीच्या उपयोगावर मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजेच सीएसआयआरने, १९९६ मध्ये त्यास आव्हान दिले. मूळचे गोव्याच्या माशेल गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे महासंचालक होते. "आमच्या आजीलाही हे ठाऊक आहे" हे म्हणणे पुरावा म्हणून चालणार नव्हते. परिषदेने ३२ लिखित संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत ग्रंथांप्रमाणेच १९५३ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक निबंधही होता. १९९७ मध्ये ते दावे नाकारले गेले.

कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक उपयोगावर युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये अमेरिकेचे कृषी खाते व डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना पेटंट दिले होते. त्याविरुद्धच्या लढ्यात महाराष्ट्रातील पुणे व सांगली जिल्ह्यांच्या शेतांवर १९८५–८६ मध्ये झालेल्या प्रयोगांचा पुरावा महत्त्वाचा ठरला. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि मार्च २००५ मध्ये अपिलातही तो निर्णय कायम राहिला.

या दोन लढ्यांतूनच २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे कार्य सुरू झाले. आपले योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या पाच भाषांत परीक्षकांना वाचता येतील अशा रूपात तेथे ठेवण्यात आले. युरोपीय कार्यालयाला २००९ पासून ते उपलब्ध आहे. ज्ञान लपवून नव्हे, तर योग्य व्यक्तीला वाचता येईल असे मांडून त्याचे रक्षण होते, हा त्यामागील विचार आहे.

द्रव्यपरीक्षणात रेणूचे स्थान

रेणूच्या शोधाचा आपल्याला थेट उपयोग होतो तो द्रव्याच्या ओळखीसाठी. अशोकाची साल म्हणून बाजारात आसुपालवाची साल सर्रास येते. वावडिंगात एकाच कुळातील निराळ्या जातीची फळे मिसळलेली असतात. कोरड्या, तुकडे केलेल्या द्रव्यात आकृतीवरून भेद करणे अनुभवी वैद्यालाही अवघड जाते. अशा वेळी डीएनएच्या विशिष्ट खुणा पीसीआरने वाढवून जात निश्चित करता येते.

तथापि या साधनाची मर्यादाही जाणली पाहिजे. दीर्घकाळ उकळलेल्या क्वाथात किंवा घनात डीएनएचे तुकडे झालेले असतात, त्यामुळे परीक्षा फसू शकते. डीएनए द्रव्याची जात सांगतो. ते द्रव्य कोणत्या ऋतूत घेतले, मूळ आहे की खोड, जुने आहे की ताजे, यांचे उत्तर देत नाही. रस, वीर्य, विपाक यांविषयी तर तो मूकच आहे. म्हणून पंचेंद्रियपरीक्षा, रासायनिक पृथक्करण आणि रेणुपरीक्षा ही परस्परपूरक साधने समजावीत.

वैद्याने काय करावे?

कायद्याची चौकट अशी आहे. कलम ३ (पी) अन्वये पारंपरिक ज्ञान, किंवा परंपरेने ज्ञात घटकांच्या ज्ञात गुणांची बेरीज वा पुनरुक्ती, पेटंटयोग्य नाही. म्हणून शास्त्रोक्त योगावर पेटंट मागणे व्यर्थ आहे. कलम ३ (आय) अन्वये मानवी चिकित्सेच्या व निदानाच्या पद्धती पेटंटयोग्य नाहीत. म्हणजे बस्ती देण्याची नवी पद्धत कोणी अडवून ठेवू शकत नाही, परंतु त्यासाठी घडविलेले नवे यंत्र पेटंटयोग्य ठरू शकते. यंत्राच्या बाबतीत आपण सुश्रुताचार्यांचे वारस असूनही या क्षेत्राकडे फारसे वळलेलो नाही.

कलम ३ (ई) विशेष विचारणीय आहे. घटकांच्या गुणांची केवळ बेरीज करणारे मिश्रण पेटंटयोग्य नाही. संयोगातून काही अधिक निष्पन्न व्हावयास हवे. चरकाचार्यांनी विमानस्थानात प्रकृतिसमसमवाय व विकृतिविषमसमवाय असा जो भेद केला आहे, त्याच्याशी याचे साम्य पाहून आश्चर्य वाटते. अवयवांच्या गुणांवरून ज्या समुदायाचा प्रभाव अनुमानता येत नाही, तोच संयोग कायद्याला अपेक्षित आहे. मात्र तो प्रयोगाने दाखवावा लागतो, श्लोकाने नव्हे.

या पार्श्वभूमीवर पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१. अनुभूत योगाची नोंद दिनांकासह ठेवावी. द्रव्यांचे शास्त्रीय नाव, मात्रा, संस्कार, अनुपान, रुग्णाची अवस्था, मिळालेला लाभ व न मिळालेला लाभही लिहावा.

२. योगात खरोखर नवी युक्ती आहे असे वाटल्यास प्रसिद्धीपूर्वी पेटंटविषयक जाणकाराचा सल्ला घ्यावा. काही मर्यादित अपवाद वगळता आधी प्रसिद्ध केलेली माहिती आपल्याच अर्जाच्या आड येते. प्राथमिक अर्ज केल्यास संपूर्ण विवरण देण्यास १२ महिन्यांचा अवधी मिळतो.

३. भारतीय जैविक संपत्तीवर आधारलेल्या अर्जासाठी जैवविविधता कायदा २००२ च्या तरतुदी पाहाव्यात. २०२३ मध्ये त्यात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या आहेत.

४. केवळ नावाचे रक्षण हवे असेल तर त्यासाठी ट्रेडमार्क हा निराळा मार्ग आहे. त्याला पेटंट म्हणू नये व रुग्णालाही तसे सांगू नये.

५. पेटंट घ्यावयाचे नसेल तर योग प्रसिद्ध करावा. प्रसिद्ध झालेल्या ज्ञानावर दुसऱ्या कोणाला नवीनतेचा दावा करता येत नाही.

यांतील पाचवी सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्यातील बहुतेकांच्या हातून पेटंटयोग्य संशोधन घडेलच असे नाही. परंतु प्रत्येकाच्या वहीत दोन-चार तरी असे योग असतात, जे गुरूकडून मिळाले आणि वर्षानुवर्षे फलद्रूप झाले. ते कोणालाही न सांगता वैद्य निवर्ततात आणि ती वही रद्दीत जाते. अशा ज्ञानाला २० वर्षांची मुदत नसते. ते एका दिवसात संपते. पेटंट घेणारा किमान आपली कृती लिहून देतो आणि मुदतीनंतर ती जगाला मिळते. गुप्त ठेवणारा काहीच देत नाही.

हळदीच्या खटल्यात कामी आलेला १९५३ चा निबंध लिहिणाऱ्यांच्या मनात पेटंटचा विचारही नसावा. त्यांनी जे पाहिले ते लिहिले आणि व्यवसायबंधूंच्या नियतकालिकात छापले, इतकेच. चव्वेचाळीस वर्षांनी ती काही पाने एका देशाच्या बाजूने साक्षीला उभी राहिली. आपल्या या त्रैमासिकाची पानेही तशीच, दिनांकित व छापील आहेत. वैद्यबंधुभगिनींनी आपल्या वहीतील एक तरी योग, साद्यंत व प्रामाणिक नोंदींसह, या पानांवर आणावा, ही नम्र विनंती.